यंत्राची उत्तरतालिका

सोमवार, ३ फेब्रुवारी

कोथरूडच्या क्लासमधील माझी नोकरी आज संपली. चौदा वर्षे मी तेथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना भूगोल आणि सामान्य ज्ञान शिकवले. यापुढे ते काम चित्रफिती करतील. संचालकांनी हे अतिशय सौजन्याने सांगितले आणि आम्हा तिघा शिक्षकांना निरोपाचे जेवण म्हणून कर्वे रस्त्यावरील एका पबमध्ये नेले.

मी मद्य घेत नाही. इतरांचे दुसरे ग्लास येईपर्यंत मी हात धुऊन येतो म्हणून उठलो आणि बेसिनशेजारी एक यंत्र दिसले. पुरुषभर उंची, निळा उजेड, वर ‘बुद्धिकट्टा’ अशी अक्षरे. मोबाइलने वीस रुपये भरायचे. पंधरा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि आठ सेकंद. दहा उत्तरे बरोबर आली तर खाण्याचे कूपन. पंधराही आली तर किराणा मालाच्या दुकानात चालणारे हजार रुपयांचे भेटकार्ड. पहिल्याच डावात माझी तेरा आली. पडद्यावर फुलबाज्या उडाल्या आणि ‘अभिनंदन, आपण विजेते आहात!’ असे शुद्ध मराठीत उमटले.

राज्यसेवेच्या अकरा प्रयत्नांत आयोगाने मला हे वाक्य एकदाही कळवलेले नाही.

नोंद म्हणून लिहून ठेवतो : वय बेचाळीस. वयाच्या अटीप्रमाणे २५ मे रोजीची पूर्वपरीक्षा माझी शेवटची. क्लास बंद झाल्याचे बाबांना तूर्त कळवत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कोणत्याही विषयाचा अभ्यास सर्वेक्षणापासून सुरू करावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. पाच दिवस बसचा पास काढून हिंडलो. कात्रजपासून बाणेरपर्यंत अकरा ठिकाणी बुद्धिकट्टा आहे. पैकी सात यंत्रे चालू आहेत. ती शोधण्याची रीत सोपी आहे. मालकाला विचारू नये, त्याला शंका येते. आत जावे, लिंबू सोडा मागवावा आणि हात धुण्याची जागा विचारावी. यंत्र असलेच तर तेथेच असते, कारण लोकांना थांबावे लागते अशी ती एकच जागा.

दुसरा शोध अधिक महत्त्वाचा. सुरुवातीला भाषा निवडावी लागते. इंग्रजी निवडले तर चित्रपट, फुटबॉल, परदेशी गायक. मराठी निवडले तर निव्वळ सामान्य ज्ञान! नद्या, शिखरे, समाजसुधारक, पंचवार्षिक योजना. पबमध्ये मराठी कोणी निवडत नाही, त्यामुळे तो प्रश्नसंच लहान राहिला आहे. माझ्या अंदाजाने नऊशे प्रश्न. ते फिरून फिरून येतात.

नऊशे प्रश्न म्हणजे काय? आमच्या एका चाचणीमालिकेपेक्षा कमी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज बाणेरच्या पबमध्ये एक गमतीचा प्रसंग घडला. मी सहाव्या प्रश्नावर असताना मागून आवाज आला, “सर?”

साई. चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होता. पहिल्या बाकावर बसायचा, नकाशे सुंदर काढायचा. दोनदा पूर्व नापास झाल्यावर परीक्षा सोडली. आता त्या जागेचा व्यवस्थापक आहे, काळा शर्ट, कानात तार.

“सर, तुम्ही इथे कसे?”

मी त्याला सगळी पद्धत समजावून सांगितली : प्रश्नांची वारंवारिता, विषयवार वर्गीकरण, सात यंत्रांचे वेळापत्रक. तो लक्ष देऊन ऐकत होता. मध्ये एकदाही बोलला नाही, जे चांगल्या विद्यार्थ्याचे लक्षण आहे.

“आणि सर, परीक्षा कधी आहे?” त्याने शेवटी विचारले.

“मे महिन्यात.”

“मग दुपारी येत जा. गर्दी नसते. कोणी बघत नाही.”

त्याने सोड्याचे पैसे घेतले नाहीत. शास्त्रीय कामात सहकार्य करणारी माणसे अजून आहेत.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

एकवीस दिवसांत चार भेटकार्डे मिळाली. याहून जास्त का नाहीत, याचा छडा आज लागला.

यंत्र चुकते.

महाराष्ट्रातील जिल्हे किती? मी छत्तीस दाबले. लाल दिवा. यंत्राच्या मते पस्तीस. म्हणजे पालघर झाल्याचे त्याला कोणी कळवलेले नाही. सातपुडा पर्वतातील सर्वोच्च शिखर? मी धूपगड दाबले. लाल दिवा. यंत्राचे उत्तर अस्तंभा. वस्तुस्थिती अशी की अस्तंभा हे सातपुड्याच्या महाराष्ट्रातील भागात सर्वांत उंच आहे. संपूर्ण रांगेत धूपगड, जे मध्य प्रदेशात आहे. प्रश्न तयार करणाऱ्याने अर्धेच वाक्य उतरवून घेतले असणार.

क्षणभर राग आला. पण राग परीक्षार्थ्याला परवडत नाही. वर्गात मी पहिल्याच दिवशी फळ्यावर एक तत्त्व लिहीत असे : सत्य काय आहे हा तुमचा प्रश्न नाही, तपासणाऱ्याच्या उत्तरतालिकेत काय आहे हा तुमचा प्रश्न आहे. आयोगालाही कधी कधी पहिली उत्तरतालिका मागे घेऊन दुसरी द्यावी लागते. यंत्र एकच तालिका देते आणि ती कधीही बदलत नाही. अभ्यासकाला याहून प्रामाणिक परीक्षक कोठे मिळणार?

नव्या वहीत तीन रकाने आखले : प्रश्न, खरे उत्तर, यंत्राचे उत्तर.

रविवार, ९ मार्च

मेसच्या कांताबाईंना या महिन्याचे पैसे म्हणून तीन भेटकार्डे दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

“सर, याच्यावर तेल मिळतं का?”

“मिळते. तूरडाळही.”

“मग द्या. पण नोकरीतून हे असलं कधीपासून द्यायला लागले?”

नारायण पेठेतील आमच्या अभ्यासिकेचे मालक गोपाळकृष्ण यांनीही आज मला जिन्यात गाठले. “अहो मेश्राम, आपली खुर्ची गेले तीन आठवडे आपल्यापेक्षा जास्त अभ्यास करतेय. तिचाच फॉर्म भरून टाका.” त्यांच्या बोलण्यात आपुलकी असते, ती ओळखता आली पाहिजे.

बुधवार, २ एप्रिल

चुकीच्या उत्तरांची यादी त्रेसष्टवर गेली आहे. आता अडचण ज्ञानाची नाही, वेगाची आहे. प्रश्न दिसला की मनात आधी खरे उत्तर येते, मग ते बाजूला सारून यंत्राचे आठवावे लागते. यात तीन ते चार सेकंद जातात. आठांतले चार!

उपाय शोधून काढला. वहीतील मधला रकाना, म्हणजे खरी उत्तरे, कागद चिकटवून झाकून टाकला. रोज सकाळी अभ्यासिकेत दीड तास फक्त प्रश्न आणि यंत्राचे उत्तर म्हणायचे, विचार न करता, जसे आपण पाढे म्हणतो. सहा दिवसांत सरासरी वेळ दोन सेकंदांवर आली. बोट मनाच्या आधी जाते. ही गती परीक्षेतही उपयोगी पडेल, हा दुहेरी लाभ.

शेजारच्या टेबलावर नम्रता असते. वर्ध्याची, दोन वर्षे माझी विद्यार्थिनी होती. आज तिने हळूच विचारले, “दादा, तुम्ही काय पुटपुटताय सकाळपासून? जिल्हे पस्तीस?”

मी तिला तत्त्व समजावले. तिने माझ्या वहीतल्या त्या चिकटवलेल्या कागदाच्या कडेवरून नख फिरवले.

“हा कागद निघतो ना परत?” ती म्हणाली.

रविवार, २० एप्रिल

बाबा काल भंडाऱ्याहून अचानक आले. सोबत दहा किलो तांदूळ. एसटीत कंडक्टर म्हणून चौतीस वर्षे काढल्यामुळे त्यांना आरक्षण, निरोप, पूर्वसूचना या गोष्टी अनावश्यक वाटतात.

“तुह्या क्लासात फोन लावला होता,” ते म्हणाले. “तो पोट्टा म्हणे, सर आता येत नाहीत. मग मी म्हटलं जाऊन पाहतो.”

लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितले की मी एका नव्या पद्धतीच्या कामात आहे, ज्ञानावर आधारित आहे आणि उत्पन्न वाढते आहे. नुसते सांगून त्यांचे समाधान झाले नसते, म्हणून दुपारी त्यांना बाणेरला घेऊन गेलो. साईने आम्हाला कोपऱ्यातले टेबल दिले आणि न मागता बाबांसाठी वरण-भात आणवला. त्यांच्या मेन्यूत वरण-भात नाही.

बाबा माझ्या बाजूला उभे राहिले. मी सुरुवात केली. पहिली आठ उत्तरे बरोबर. बाबा प्रत्येक हिरव्या दिव्याला मान हलवत होते. नववा प्रश्न आला : नागपूर येथील धम्मदीक्षेचा सोहळा कोणत्या वर्षी झाला?

ही नोंद यादीत सत्तेचाळिसावी आहे. यंत्राचे उत्तर १९५४. मी ते दाबले. हिरवा दिवा.

“चूक आहे हे,” बाबा म्हणाले.

“हो, बाबा. मला माहीत आहे.”

“छप्पन. मी होतो ना तेथं. चार वर्षांचा होतो. माह्या बापाच्या खांद्यावर बसून होतो.”

“माहीत आहे, बाबा. पण यंत्राला माहीत नाही. त्याच्याकडे चौपन्न नोंदवलेले आहे.”

“मग तू त्याले सांगत काऊन नाही?”

दहावा प्रश्न येऊन गेला, माझी वेळ चुकली. मी त्यांना समजावू लागलो की यंत्राला सांगण्याची सोय नसते, कंपनीला मी दोन पत्रे पाठवली होती, उत्तर आले नाही, आणि शिवाय दुरुस्ती झाली तर माझीच यादी निरुपयोगी होईल. हा शेवटचा मुद्दा मला स्वतःला फार पटण्यासारखा वाटला. बाबा ऐकत नव्हते. ते पडद्यावर एकामागून एक सरकणाऱ्या प्रश्नांकडे पाहत होते.

परत येताना बसमध्ये त्यांनी एकच विचारले. “परीक्षा देशीन ना?”

“देणारच. शेवटची आहे.”

“शेवटचीच आहे म्हणून म्हणतो.”

आज सकाळी ते गेले. तांदूळ मी कांताबाईंना दिला.

रविवार, ११ मे

परीक्षेला चौदा दिवस. नियोजनाप्रमाणे यंत्रे थांबवायला हवी होती. मात्र चाळिसावे भेटकार्ड दोन डावांच्या अंतरावर होते आणि असा टप्पा गाठल्याने आत्मविश्वास वाढतो, हे मानसशास्त्राला मान्य आहे. म्हणून गेलो.

यंत्राच्या जागी रिकामी चौकट होती आणि भिंतीवर चार भोके.

“कंपनीने उचललं, सर,” साई म्हणाला. “सगळीकडचं. त्यांना म्हणे परवडत नाही.”

“सातही?”

“सातही.” मग त्याने खिशातून किल्ल्या काढल्या, परत ठेवल्या. “सर, बरंच झालं म्हणा. दोन आठवडे आहेत अजून.”

मी तेथे किती वेळ उभा होतो ते लिहून ठेवले नाही. एवढे आठवते की हात धुण्यासाठी आलेला एक माणूस मला म्हणाला, “काका, लाइन आहे का?”

रविवार, २५ मे

पेपर झाला. केंद्र हडपसरला होते. पेपर सोपा! शंभरपैकी एक्क्याण्णव प्रश्न सोडवले आणि वीस मिनिटे उरली, जे अकरा प्रयत्नांत कधीच घडले नव्हते. यंत्रामुळे आलेल्या गतीबद्दलचा माझा अंदाज खरा ठरला. भूगोल तर मी प्रश्न पूर्ण न वाचताच सोडवला.

बाबांना फोन करून सांगितले की या वेळी नक्की.

शुक्रवार, ३० मे

आयोगाची पहिली उत्तरतालिका आज आली. अभ्यासिकेत सगळे शांत बसून आपापल्या उत्तरपत्रिकेची प्रत तपासत होते. फक्त पेन्सिलींचा आवाज.

माझे १११ गुण. पेठेतील क्लासवाल्यांचा अंदाज असा की पात्रतेची रेषा ११२ च्या आसपास पडेल.

प्रश्न क्रमांक ३८. सातपुडा पर्वतरांगेतील सर्वोच्च शिखर कोणते? चार पर्यायांत दोन्ही होते. मी अस्तंभा रंगवले आहे. गोल पूर्ण, काठोकाठ, कुठेही बाहेर न जाता. एकदाही खोडलेले नाही.

बरोबर उत्तराचे दोन गुण गेले आणि चुकीचा अर्धा वजा झाला. ते एक उत्तर बरोबर असते तर ११३.५.

मी बराच वेळ त्या गोलाकडे पाहिले. हे उत्तर लिहिताना मी काय विचार करत होतो, हे आठवण्याचा प्रयत्न केला. मी विचार करत नव्हतो. तीच तर पद्धत होती.

पण पद्धतीत मूलभूत दोष नव्हता. मधला रकाना परीक्षेच्या आधी उघडायचा राहिला, एवढेच. नम्रता म्हणाली होती. मी तो उघडणारच होतो.

रविवार, १ जून

उत्तरतालिकेवर हरकत घेण्याची मुदत मंगळवारी सहापर्यंत आहे. हरकतीचा नियम असा : आपले उत्तर कसे बरोबर आहे हे छापील संदर्भाने दाखवावे लागते. पुरावा ग्राह्य धरला गेला तर दोन्ही उत्तरे मान्य होतात किंवा प्रश्न रद्द होतो. दोन्ही उत्तरे मान्य झाली तर मी रेषेच्या वर. रद्द झाला तर ज्यांचे बरोबर आले त्यांचे दोन गुण जातात, रेषा खाली सरकते, आणि माझा गेलेला अर्धा परत येतो. तरीही मी वर. कोणत्याही बाजूने पाहा, मी वरच.

म्हणजे असा एक छापील कागद हवा, ज्यावर सातपुड्याचे सर्वोच्च शिखर अस्तंभा असे लिहिले आहे. ज्या माणसाने यंत्राचा प्रश्न लिहिला, त्यानेही ते कोठेतरी वाचलेच असणार.

नम्रताला सांगितले की एका संदर्भासाठी मदत हवी. ती दिवसभर माझ्याबरोबर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून फिरली. मी तिला उत्साहाने हरकतीची सगळी प्रक्रिया समजावत होतो. पुढे तिलाही उपयोगी पडेल. चौथ्या दुकानात तिने एक जाडजूड मार्गदर्शिका उघडली आणि विचारले, “कुठला मुद्दा शोधायचाय पण?”

मी सांगितला.

तिने पुस्तक मिटले. “दादा, धूपगडच आहे ना ते?”

“वस्तुस्थिती तीच आहे. आपल्याला पुरावा हवा आहे.”

“कशाचा पुरावा? चुकीचा?”

“छापील.”

दुकानदार आमच्याकडे पाहून म्हणाला, “ताई, घ्यायचं नसेल तर गठ्ठ्यात नीट ठेवा.”

तिने ते नीट ठेवले. मग म्हणाली, “माझं बरोबर आलंय अडतिसावं. तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला. फळ्यावर आख्खा सातपुडा काढला होता तुम्ही, आणि धूपगडाला लाल खडूने त्रिकोण केला होता. मला पेपरात तो त्रिकोणच दिसला.”

मला काहीतरी समजावून सांगायचे होते. वाक्य तयारही होते. ती रस्ता ओलांडून बस थांब्याकडे गेली.

संदर्भ मिळाला. सहाव्या दुकानात, तळाच्या गठ्ठ्यात. मुखपृष्ठ फाटलेले, प्रकाशकाचे नाव नाही. पण पृष्ठ ११४ वर स्वच्छ लिहिले आहे.

मंगळवार, ३ जून

दुपारी अभ्यासिकेतील संगणकावर बसून हरकत भरली. प्रश्न क्रमांक, माझे उत्तर, संदर्भाचे छायाचित्र. कारणमीमांसेसाठी पाचशे अक्षरांची जागा असते. मी चारशे ब्याण्णव अक्षरांत अशी मांडणी केली की ती वाचून मलाच क्षणभर अस्तंभा उंच वाटला. शेवटी एक चौकोन होता : वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे.

त्या चौकोनावर मी आठ सेकंदांपेक्षा खूप जास्त वेळ घालवला. मग खूण केली आणि सादर केले. पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी पोचपावती आली. फुलबाज्या नव्हत्या.

साडेसहाला बाबांचा फोन आला.

“काय झालं रे निकालाचं?”

“थोडक्यात अडकले आहे, बाबा. एका प्रश्नावर. हरकत घेतली आहे.”

“म्हणजे आयोगाचं चुकलं?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ते पुढे बोलू लागले, आवाजात हुशारी आली होती. “तू त्यायले सांगितलं ना पण? बस. सांगितलंच पाहिजे. त्या मशीनच्या वेळी तू गप्प राहिला, तवा मले लई वाईट वाटलं होतं. आता चांगलं केलं. कोणता प्रश्न?”

“सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर.”

“कोणतं मग खरं?”

अभ्यासिकेच्या गॅलरीत उभा होतो. खाली गोपाळकृष्ण कुणाला तरी गाडी नीट लावायला सांगत होते.

“अस्तंभा,” मी म्हणालो.

“थांब, वही घेतो. उन्हाळ्यापासून संध्याकाळी विहारात पोट्टे येतात माह्याकडं शिकायले, बारा-तेरा हायेत. स्कॉलरशिपले बसून राहिले. उद्या फळ्यावर लिहून देतो त्यायले. हां, सांग. हळू सांग.”

मी हळू सांगितले. जिल्हा नंदुरबार. उंची तेराशे पंचवीस मीटर. जिल्हा खरा आहे, उंचीही खरी आहे. कागदावर पेन घासल्याचा आवाज मला ऐकू येत होता. बाबा प्रत्येक अक्षर लिहिताना तोंडाने म्हणतात, तिकिटावर लिहायची सवय.

लिहून झाल्यावर त्यांनी सगळे पहिल्यापासून मला वाचून दाखवले.

“बरोबर आहे ना?” त्यांनी विचारले.

“बरोबर आहे, बाबा.”